चंद्रावर उतरलो, पण कोयनेच्या पोटात सहा किलोमीटर उतरणं एवढं अवघड का?

कोयनाकाठचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

गेल्या उन्हाळ्यात गावी, पाटण तालुक्यात, शेतात बोअर मारायला गाडी बोलावली होती. वरचे ४० फूट मुरूम होता, केसिंग (भोक ढासळू नये म्हणून आत बसवायचा पाइप) टाकलं, मग काळा पाषाण लागला आणि हॅमर मस्त चालायला लागला, एकेक २० फुटी रॉड जोडत गेले तसा राखाडी भुकटीचा ढीग वाढत गेला. २७० फुटाच्या आसपास भुकटी एकदम विटकरी यायला लागली. गाडीवरच्या पोराने ढिगाकडे बघायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून ओळखलं, "दादा, लाल माती लागली." तो थर ओलांडून अजून दोन रॉड गेले असतील नसतील, तेवढ्यात ती माती ढासळली आणि हॅमर खाली अडकून बसला. रात्री दोनपर्यंत ओढाओढ चालली होती. हॅमर निघाला शेवटी, पण बोअर तिथंच सोडावा लागला.

वडील ओट्यावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, "चंद्रावर यान अलगद उतरवलं ना आपण? मग हितं तीनशे फुटाला असं का व्हावं?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आणि आमच्याकडे हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाहीये. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या सुमाराला कोयनेचा भूकंप झाला, ६.३ चा, तेव्हा वडील सात वर्षांचे होते, आजीने त्यांना गोधडीसकट उचलून अंगणात आणलं आणि मागे घराची भिंत बसली. आजही ताटातली वाटी थरथरली की आमच्याकडे सगळे एकमेकांकडे बघतात. हे भूकंप होतात कुठं, तर बहुतेक सगळे दहा किलोमीटरच्या आत. चंद्र ३,८४,४०० किलोमीटर लांब, तिथं २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं यान उतरलं. आणि ज्याने आमची घरं पाडली तो भूकंप जिथं जन्मतो ती जागा स्वारगेटहून कात्रजला जावं तेवढ्या अंतरावर आहे, फक्त सरळ खाली, आणि तिथं अजून कुणाचा हात पोचलेला नाही. आमच्या कोयना भागातल्या गोठण्याला २०१७ मध्ये ३ किलोमीटरचं भोक पूर्ण झालं, सहा किलोमीटरपर्यंत जायचा बेत आहे असं वाचलंय.

जाणकारांनी जरा सोप्या शब्दांत सांगा, अडतं नेमकं कुठं?

कातळवाट

मी अठरा वर्षं कोअर ड्रिलिंगवर, म्हणजे जमिनीतून दगडाचा दांड्यासारखा नमुना काढायच्या कामावर काढलीयेत, बहुतेक छत्तीसगड आणि झारखंडात, तेव्हा थोडं सांगू शकेन.

पहिली गोष्ट, तुमच्या वडलांनी अगदी मुद्द्याला हात घातलाय. अंतराळात जायचं म्हणजे पोकळीतून जायचं. सगळी ताकद सुरुवातीला लागते, पृथ्वीच्या ओढीतून सुटेपर्यंत, पुढे इंजिन बंद ठेवलं तरी यान आपल्या वेगानं जात राहतं कारण वाटेत अडवायला काही नाही. जमिनीत उलटं. पहिला मीटर सगळ्यात सोपा आणि शेवटचा सगळ्यात अवघड, आणि प्रत्येक मीटरला तिथला दगड फोडायचा, त्याचा चुरा वर आणायचा आणि केलेलं भोक उघडं ठेवायचं. ही तिन्ही कामं एकाच वेळी, न थांबता.

त्यातलं तिसरं काम लोकांच्या लक्षात येत नाही. दगड फोडणं जमतं हो, हिऱ्याची बिट (पाइपच्या टोकाचं दगड फोडणारं पातं) असते, टंगस्टन कार्बाइडची असते. पण भोक पडलं की ते मिटायला बघतं. बाहेर पोकळी आणि आत आपल्या श्वासापुरती हवा असली तर यानाच्या भिंतीवर जास्तीत जास्त एका वातावरणाचा दाब येतो. दहा किलोमीटर खाली वरच्या दगडाचं वजन साधारण २७०० वातावरणांइतकं भरतं. तो दगड कोट्यवधी वर्षं चारी बाजूंनी आवळलेला असतो, आपण मध्येच भोक पाडलं की त्याला पहिल्यांदाच कुठंतरी सरकायला जागा मिळते. मग भिंतीचे पापुद्रे सुटायला लागतात, गोल भोक लंबगोल होतं. त्या लंबगोलाची दिशा मोजून आम्ही जमिनीतला ताण कुठून कुठं आहे ते ओळखतो, म्हणजे आमच्यासाठी ती माहितीच असते, पण ड्रिलरसाठी तो धोका.

एक बघितलेली गोष्ट सांगतो. खूप ताणातल्या भागातून कोअर काढली की ती सलग दांड्यासारखी येत नाही, चकत्या चकत्या होऊन येते, ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा उभा फाडल्यासारखी. पेटीत लावायला घेतली की एकेक चकती बोटाने वेगळी करता येते, कड धारदार. खालून सुटताना दगड ताण टाकतो आणि तुटतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पेटी तशीच मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो होतो.

निळीखिडकी

लेख आवडला आणि कातळवाट यांचा प्रतिसादही. पण अंतराळ सोपं असं वाटून घेऊ नये ही विनंती. सेकंदाला ११ किलोमीटरपेक्षा जास्त वेग, वजनातला बहुतांश भाग नुसतं इंधन, उन्हात भाजणं आणि सावलीत गोठणं, किरणोत्सर्ग, आणि माणसं गेलीत हो त्यात. चांद्रयान-२ चं लँडर २०१९ मध्ये शेवटच्या दोन-अडीच किलोमीटरात हातचं गेलं, ती रात्र मी जागून काढली होती. तेव्हा "अवघड" म्हणजे काय ते आधी ठरवायला हवं.

कातळवाट

@निळीखिडकी, बरोबर आहे तुमचं, अंतराळातल्या लोकांच्या कष्टांना कमी लेखायचा हेतू नव्हता. मी असं म्हणेन की अंतराळाच्या अडचणी मोठ्या आहेत पण त्या आधी हिशोबात घेता येतात. पोकळी सगळीकडे पोकळीच. जमिनीखाली पुढच्या दहा मीटरात काय आहे ते बिट तिथं पोचल्यावरच कळतं.

रिगवरचा

मी बॉम्बे हायला रिगवर होतो, आता किनाऱ्यावर आलोय. माझ्या बाजूने थोडी भर.

लोकांना वाटतं खोल जायचं म्हणजे बिट फिरवत राहायचं. प्रत्यक्षात निम्मं आयुष्य ट्रिपमध्ये जातं. बिट झिजली की ती बदलायला खालचे सगळे पाइप वर काढावे लागतात, तीन तीन पाइपचा एक स्टँड, साधारण २७ मीटरचा, तो उभा करून डेरिकमध्ये, म्हणजे रिगच्या मनोऱ्यात लावायचा, परत पुढचा. दहा किलोमीटर खोल असाल तर असे पावणेचारशे स्टँड काढायचे, बिट बदलायची आणि पावणेचारशे परत जोडत खाली सोडायचे. त्यात एक दिवस सहज जातो आणि कठीण दगडात ती नवी बिट काही तासांत झिजते. शिवाय एवढ्या पाइपचं स्वतःचंच वजन एवढं होतं की वरचा पाइप त्या ताणाने तुटू शकतो.

आणि मड, म्हणजे भोकात फिरवायचा चिखलासारखा द्रव. आम्ही नुसतं मड म्हणतो पण सगळा जीव त्यात असतो. बेंटोनाइट, बॅराइट घालून त्याची घनता ठरवायची, पाइपमधून खाली जातो, बिट थंड करतो, चुरा घेऊन बाजूने वर येतो आणि भोकाच्या भिंतीला आतून टेकण देतो. हलका झाला की भिंत ढासळते, जड झाला की दगडच फाटतो आणि मड त्या भेगेत पळून जातो. या दोन्हींच्या मधली फट खोल गेलं की अरुंद होत जाते. मग मध्ये केसिंग टाकून सिमेंट करायचं आणि पुढचं भोक त्या केसिंगच्या आतून, म्हणजे आणखी बारीक. एकात एक बसणारे डबे असतात ना, तसं. वरती दोन फूट रुंद सुरुवात केली तरी तळाला वीतभर उरतं.

अडकलेल्या हॅमरचं वाचून वाईट वाटलं, आम्हीही ते भोगलंय. खाली तुटून राहिलेल्या सामानाला आम्ही फिश म्हणतो आणि ते काढायच्या कामाला फिशिंग. कैक दिवस नुसतं फिशिंग चालतं. वर बसून किलोमीटर-दोन किलोमीटर खालच्या तुकड्याला, जो दिसत नाही, आवाज येत नाही, फक्त वजनकाट्याचा काटा हलतो, त्यावरून पकड बसली की नाही ते ओळखायचं.

दूरदेशी

वाचतेय, खूप माहितीपूर्ण. एक शंका, कॅमेरा नाही का सोडता येत? आणि खालची माहिती वर कशी येते, वायरलेस?

रिगवरचा

@दूरदेशी ताई, दगडातून रेडिओ लहर जातच नाही म्हणा, लगेच विरून जाते. ड्रिलिंग चालू असताना वायर सोडणंही कठीण. म्हणून आम्ही मडमधूनच निरोप पाठवतो. खालचं यंत्र एक झडप उघडझाप करतं, त्याने मडच्या दाबात ठोके पडतात, वर ते ठोके मोजून आकडे वाचायचे. सेकंदाला माहितीचे काही बिट (कॉम्प्युटरचे शून्य-एक), फार तर काही दहा. आता गंमत बघा, व्हॉयेजर-१ हे १९७७ मध्ये सुटलेलं यान आज २,४०० कोटी किलोमीटरपेक्षा लांब आहे, त्याचा ट्रान्समीटर घरातल्या बल्बएवढ्या शक्तीचा, आणि ते सेकंदाला १६० बिट पाठवतं. सूर्यमालेच्या बाहेरून येणारा निरोप आमच्या भोकातल्या निरोपापेक्षा वेगाने येतो. मधे काही नसण्याचा हा फायदा.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर मड गढूळ असतं, काही दिसत नाही. आणि उष्णता. साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढतात, जागेप्रमाणे कमीजास्त. दीडशे अंशांपुढे साध्या चिप आणि बॅटऱ्या दम तोडायला लागतात. खूप गरम विहिरीत मोजमापाचं टूल अक्षरशः थर्माससारख्या नळीत घालून सोडतात आणि आतलं तापायच्या आत मोजून वर ओढतात.

सदानकदा

मला व्हॉट्सअॅपवर एक क्लिप आली होती, रशियाने खूप खोल भोक पाडलं आणि आतून माणसांच्या किंकाळ्या ऐकू आल्या म्हणून बंद केलं. खरं आहे का? घरात मुलं घाबरलीयेत म्हणून विचारतोय.

कातळवाट

@सदानकदा, मुलांना सांगा अजिबात खरं नाही. ती अफवा तीसएक वर्षांपासून फिरतेय. खरी गोष्ट त्याहून भारी आहे, तीच सांगा मुलांना.

कोला नावाचा द्वीपकल्प आहे, रशियाच्या वायव्येला, मुर्मान्स्कच्या बाजूला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर. तिथं २४ मे १९७० ला सोव्हिएत लोकांनी भोक सुरू केलं, तेलासाठी नाही, निव्वळ पृथ्वीचं कवच बघायला. उद्दिष्ट १५ किलोमीटर. १९७९ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या ९,५८३ मीटरच्या विहिरीचा विक्रम मोडला. वजन कमी राहावं म्हणून पाइप अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, आणि सगळा पाइप फिरवण्याऐवजी मडच्या जोरावर तळाची टर्बाइनच बिट फिरवायची. १२ किलोमीटर ओलांडले. आणि मग १९८४ मध्ये पाइप तुटला, पाच किलोमीटर पाइप आत राहिला. पाच किलोमीटर! नाही निघाला. सात किलोमीटरपर्यंत मागे येऊन तिथून बाजूने नवीन भोक पाडायला लागले. मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे. एवढ्या वर्षांची मेहनत बुडाल्यावर, उणे तापमानात, परत सात किलोमीटरपासून.

१९८९ मध्ये १२,२६२ मीटरला पोचले. तिथं अंदाज होता १०० अंशांचा, निघाले १८०. एवढ्या उष्णतेत आणि दाबात दगड घट्ट राहत नाही, कणकेसारखा हळूहळू भोकात सरकतो, बिट वर काढली की मागे भोक आवळतं. पुढे १९९२ मध्ये काम थांबलं, देशच उरला नव्हता आणि पैसाही. आज त्या जागी २३ सेंटीमीटरच्या भोकावर बोल्ट मारलेलं गंजकं लोखंडी झाकण आहे. सरळ खाली इतकं खोल अजून कुणी गेलेलं नाही. चीनने तकलामकान वाळवंटात २०२३ मध्ये सुरू करून २०२५ मध्ये १०,९१० मीटर गाठले, त्याच्या खालोखाल.

पृथ्वीच्या मध्यापर्यंत ६,३७१ किलोमीटर. त्यातले बारा. खंडाखालचं कवचसुद्धा ३५-४० किलोमीटर जाड असतं, म्हणजे तेही एक तृतीयांशच भेदलं गेलंय.

दूरदेशी

जर्मनीत राहते, इथलं एक सांगते. बव्हेरियात विंडिशएशेनबाख म्हणून छोटं गाव आहे, तिथं १९९० ते १९९४ मध्ये असंच भोक पाडलं होतं, ९,१०१ मीटर. रिगचा उंच मनोरा अजून उभा आहे, बघायला जाता येतं, मी मुलीला घेऊन गेले होते. आधीच्या अंदाजापेक्षा उष्णता लवकर वाढली, तळाला २६० अंशांच्या वर, म्हणून थांबले. सगळीकडे तेच दिसतंय, उष्णतेचा अंदाज चुकतो.

मनोऱ्याखाली उभं राहून मुलगी वर बघत होती आणि मी खाली, जिथं फक्त एक लोखंडी तोंड दिसतं. नऊ किलोमीटर म्हणजे एव्हरेस्टपेक्षा जास्त, आणि बघायला काहीच नाही. मला वाटतं लोकांना अंतराळाची ओढ वाटते त्याचं हे एक कारण आहे, चंद्र रोज दिसतो.

खगोलवेडा

@दूरदेशी, शेवटच्या वाक्याला अनुमोदन.

मी आकाशवाला माणूस पण या धाग्यावर मला एक गोष्ट सांगायचीच आहे, कारण तिच्यामुळे माझं स्वतःचं मत बदललं. नासाचं इनसाइट यान २६ नोव्हेंबर २०१८ ला मंगळावर उतरलं. सुमारे ४८ कोटी किलोमीटरचा प्रवास करून ठरल्या जागी नीट उतरलं. त्यात जर्मन बनावटीचा एक खिळा होता, मोल म्हणायचे त्याला, ४० सेंटीमीटर लांब, स्वतःच स्वतःला आतून हातोडी मारत पाच मीटर जमिनीत शिरायचं आणि मंगळाच्या पोटातली उष्णता मोजायची. गेला किती, तर कसाबसा स्वतःच्या लांबीएवढा. मंगळाची ती माती गुठळ्या धरणारी निघाली, खिळ्याभोवती पुरेसं घर्षण मिळेना, हातोडी मारली की तो जागच्या जागी उसळायचा. यानाच्या हातातल्या फावड्याने दाबून बघितलं, माती लोटून बघितली, जवळजवळ दोन वर्षं प्रयत्न केले आणि जानेवारी २०२१ मध्ये थांबवलं. ४८ कोटी किलोमीटर जमले, पाच मीटर नाही जमले.

चंद्रावरही तेच, अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी १९७२ मध्ये ड्रिलने जी सगळ्यात खोल कोअर काढली ती जेमतेम तीन मीटर. म्हणून मला वाटतं हा झगडा पृथ्वी विरुद्ध अंतराळ असा नाहीचे. मोकळ्या जागेतून जाणं आणि पदार्थातून जाणं यातला हा फरक आहे, ग्रह कुठलाही असो.

कातळवाट

@खगोलवेडा, हे फार नेमकं बोललात. मोलचं मला माहीत नव्हतं, आज कामावरच्या पोरांना सांगणार.

साधीसोपी

मला एक कळत नाही, मग गाभा द्रव आहे, आत घन आहे, हे सगळं पुस्तकात एवढ्या खात्रीने कसं लिहितात? कुणी बघितलं?

सोनोवाली

@साधीसोपी, मी रेडिओलॉजीत आहे त्यामुळे हे मला फार जवळचं वाटतं. न कापता पोटातलं बघायचं तर लहरी पाठवायच्या आणि त्या कशा वळतात, कुठं अडतात ते वाचायचं. पृथ्वीसाठी त्या लहरी भूकंप देतो. आडव्या हलणाऱ्या एस लहरी द्रवातून जात नाहीत, त्यामुळे पलीकडच्या बाजूला त्या पोचत नाहीत म्हटल्यावर मधे द्रव आहे हे कळलं. आणि १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमान या बाईंनी, जिथं लहरी यायलाच नको होत्या तिथं आलेल्या बारीक नोंदी बघून, त्या द्रवाच्या आत आणखी एक घन गाभा आहे हे काढलं. कॉम्प्युटर नाही, हाताने मांडलेली गणितं. मला या बाईंचं कौतुक शब्दांत सांगता येत नाही.

पण सोनोग्राफी किती वाचणार त्यालाही मर्यादा असते. गाठ दिसते, ती कसली आहे ते बायोप्सीशिवाय सांगता येत नाही, हे मी पेशंटना रोज समजावते.

कातळवाट

@सोनोवाली मॅडम, कोलाला नेमकं तेच झालं! लहरींच्या नोंदींवरून सगळ्यांना वाटत होतं की साधारण सात किलोमीटरला ग्रॅनाइट संपून बेसॉल्ट लागणार. सात गेले, आठ गेले, बारा गेले, बेसॉल्ट आलाच नाही. लहरींचा वेग बदलत होता तो दगडाचा प्रकार बदलल्यामुळे नव्हे, तोच दगड उष्णतेने आणि दाबाने पालटलेला आणि भेगाळलेला होता म्हणून. आणि त्या भेगांत पाणी होतं, एवढ्या खोल पाणी असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. सहा किलोमीटरवर सूक्ष्म प्लवकांचे जीवाश्म मिळाले. एक बायोप्सी केली आणि पुस्तकातली पानं बदलायला लागली.

मुरूममाती

थोडं वेगळं. कोलारच्या सोन्याच्या खाणी माणसाने हाताने खणत ३ किलोमीटरच्या खाली नेल्या होत्या, २००१ मध्ये बंद पडल्या. माझे मामा तिथं मेकॅनिक होते. त्यांच्या बोलण्यात एकच शब्द सारखा यायचा, रॉकबर्स्ट. खोलवर बोगद्याची भिंत काही सूचना न देता बॉम्बसारखी फुटते, कारण वर कातळवाट यांनी सांगितलं तेच, दगडाला सरकायला जागा मिळते. मामा म्हणायचे की वर बाजारात उभं असतानाही पायाखाली धक्का जाणवायचा आणि मग बाया सगळी कामं टाकून खाणीच्या तोंडाशी धावायच्या.

आणि याच खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी आणि इंग्लिश सहकाऱ्यांबरोबर १९६५ मध्ये २.३ किलोमीटर खोल जाऊन, वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो पकडले. खोल का, तर वरचा सगळा कातळ बाकीचे वैश्विक किरण अडवतो आणि न्यूट्रिनो तेवढे आरपार येतात. ज्या दगडातून आपल्याला वीतभर जायला जिवाचा आटापिटा करावा लागतो त्यातून तो कण कशालाही न अडता जातो, अख्ख्या पृथ्वीतून जातो.

सातबारा_वाई

हे सगळं ठीक पण एवढा खर्च करून उपयोग काय? आमच्याकडे प्यायच्या पाण्याचे बोअर कोरडे जातात.

कोयनाकाठचा

@सातबारा_वाई, प्रश्न रास्त आहे आणि मी रागावलेलो नाही. आमच्यापुरतं सांगतो.

धरणात पाणी साठायला १९६२ च्या सुमारास लागलं आणि त्यानंतर लवकरच भागात धक्के जाणवायला लागले. १९६७ चा मोठा, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर आजपर्यंत हजारो बारीक धक्के, पाचच्या वरचे वीसहून जास्त, आणि सगळे जवळजवळ ३० बाय २० किलोमीटरच्या तुकड्यात. जगात असं दुसरं ठिकाण नाही असं शास्त्रज्ञ सांगतात. धरणाचं पाणी भेगांतून खाली झिरपतं, फटीतला दाब वाढतो आणि आधीच ताणलेला दगड सटकतो, असं मानतात. पण ते पाणी खरंच तिथं आहे का, किती दाबानं आहे, दगड सटकायच्या आधी काही बदलतं का, हे सगळं वरून ओळखायचा प्रयत्न आहे. सोनोवाली मॅडम म्हणतात तसं, बायोप्सी कुणी केलेली नाही.

म्हणून कराडला भूविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळा उभी राहिली. आधी दीड किलोमीटरचे नऊ बोअर मारले, त्यातल्या काहींत सिस्मोमीटर उतरवलेत. खाली का, तर वरती बेसॉल्टच्या थरांत आणि माणसांच्या वर्दळीत गोंगाट फार, खाली ग्रॅनाइटमध्ये शांत, बारीक धक्काही स्वच्छ ऐकू येतो. मग गोठण्याचा ३ किलोमीटरचा.

कातळवाट

त्याच बोअरचं थोडं माझ्याकडून. गोठण्याला बेसॉल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना कातळ, मध्ये गाळाचा थर नाही. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर बोअर मारला तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्ट, मग थोडा गाळ आणि मग ग्रॅनाइट. म्हणजे सह्याद्रीकडे जाड आणि मराठवाड्याकडे पातळ.

अशा सीमेवरची कोअर हातात घेतली की कसं वाटतं ते सांगतो. वरचा भाग काळा, त्यात बुडबुड्यांची भोकं आणि भोकांत पांढरे झिओलाइट, ओल्या हाताने पुसला की चमकतो. बोटभर खाली सरकलं की गुलाबी-राखाडी ग्रॅनाइट, जाड स्फटिकांचा. वरचा साडेसहा कोटी वर्षांचा, खालचा अडीचशे कोटींहून जुना. अंगठा वर आणि करंगळी खाली ठेवली की मधली सगळी वर्षं तळहाताखाली येतात.

आणि @सातबारा_वाई, तुमच्या वाईच्या डोंगरांतला दगडच मुळात खालून आलाय. दख्खनचा लाव्हा कवचाखालच्या प्रावरणातला दगड वितळून वर आला. आपल्याला जिथं जाता येत नाही तिथला माल पृथ्वीने स्वतः वर आणून दिलाय आणि आपण त्याच्या घाटात चहा पितो. वाटेत त्याचं रूप बदललेलं असतं एवढंच, म्हणून मूळ जागचा तुकडा हवा असतो.

रिगवरचा

मूळ जागच्या तुकड्यावरून आठवलं. अमेरिकेने १९६१ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाजवळ समुद्रतळाला भोक पाडून प्रावरणापर्यंत जायचा बेत केला होता, समुद्राखाली कवच पातळ, सहा-सात किलोमीटरच, म्हणून. साडेतीन किलोमीटर पाण्याखाली तळात १८३ मीटर गेले. जहाज नांगराशिवाय एका जागी धरून ठेवायची युक्ती तिथंच पहिल्यांदा नीट वापरली गेली आणि आज आमचा सगळा समुद्री धंदा तिच्यावर चालतो. १९६६ मध्ये त्यांच्या संसदेने पैसे बंद केले, त्याच वर्षांत चंद्राच्या मोहिमेला मात्र पैसा वाहत होता. २०२३ मध्ये अटलांटिकच्या मधोमध, जिथं प्रावरणाचा दगड आपोआप वर आलाय, तिथं एका संशोधन जहाजाने १,२६८ मीटर जाऊन त्याची लांबच लांब कोअर काढली. तरी ते वर आलेलं प्रावरण. कवच पूर्ण भेदून खाली अजून कुणीच गेलेलं नाही.

सातबारा_वाई

कोयनाकाठचा आणि कातळवाट, नीट समजावून सांगितलंत, धन्यवाद. माझी आजी १९६७ चं सांगायची, आमच्याकडे वाईलाही भांडी पडली होती. हे काम पूर्ण व्हायला पाहिजे.

कोयनाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वडलांना फोनवर अख्खा धागा वाचून दाखवला. कोलाचे पाच किलोमीटर पाइप आत राहिले तिथं ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आपला निदान हॅमर तरी निघाला."

त्यांनी एक विचारायला सांगितलंय. १९६७ ला त्यांना आधी आवाज आला, जमिनीतून ट्रक जावा तसा, आणि मग हललं. आवाज आधी का? आजही बारीक धक्क्याला तसंच होतं म्हणतात.

कातळवाट

वडलांना सांगा बरोबर ऐकलं त्यांनी. भूकंपाची पहिली लहर, पी लहर, वेगवान पण कमी हादरवणारी, ती जमिनीला पोचली की जमीन ढोलाच्या चामड्यासारखी हलते आणि हवेत आवाज होतो. मागून येणारी एस लहर हळू, पण घरं तीच पाडते. दोन्हींत किती वेळ गेला त्यावरून अंतर कळतं. कठीण कातळात दर सेकंदाला साधारण आठ किलोमीटर धरायचे.

त्यांना आवाज आणि हादरा यांत किती वेळ गेल्यासारखं आठवतं?

कोयनाकाठचा

विचारलं. म्हणाले, आजीने गोधडी ओढून घेईपर्यंत. एक-दीड सेकंद असेल.

कातळवाट

म्हणजे घरापासून आठ ते बारा किलोमीटर. त्यातलं बरंचसं खाली.